पॉलिसी डिबेटचा पॅराडाइम लिहायचाय: कागदावरचं मोजायचं की डोक्यातलं?

जाईजुई | २० जानेवारी २०२५, रात्री ९:१२

मंडळी, जरा लांबण लावते, पण मत हवंय.

मुलगा इथे टेक्सासमध्ये अकरावीला आहे आणि दोन वर्षं पॉलिसी डिबेट करतो. दोघा-दोघांच्या दोन जोड्या, आणि वर्षभर अख्ख्या देशातल्या शाळांना एकच विषय. यंदाचा विषय बौद्धिक संपदेचा: केंद्र सरकारने कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क यांचं संरक्षण लक्षणीय वाढवावं. शाळेने जितक्या जोड्या उतरवल्या त्या हिशेबात जज द्यावे लागतात. प्रशिक्षक एकटे कुठवर पुरणार, म्हणून आम्हा पालकांची भरती होते. परवा शनिवारी मी चार राउंड जज केले.

तिसऱ्या राउंडमध्ये निगेटिव्ह, म्हणजे विषयाच्या विरोधातली, जोडी म्हणाली, "नवीन औषध बाजारात आल्या दिवसापासून २० वर्षं पेटंट असतंच, मग आणखी संरक्षण कशाला?" मी चौदा वर्षं औषध कंपनीच्या नियामक विभागात आहे. ती २० वर्षं अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजतात. त्यातली बरीचशी चाचण्यांत आणि मंजुरीतच जातात. म्हणजे मुद्दा सरळ चुकीचा. पण अफर्मेटिव्ह, म्हणजे विषयाच्या बाजूच्या, जोडीने त्यावर शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही. शेवटच्या भाषणात निगेटिव्हने सगळा डाव त्याच मुद्द्यावर उभा केला.

मी अफर्मेटिव्हला जिंकवलं आणि कारणही तेच सांगितलं.

हरलेल्या जोडीतल्या मुलीने अगदी शांतपणे विचारलं, "मॅम, हे त्यांनी कोणत्या भाषणात सांगितलं?" मी माझा फ्लो पाहिला. त्या रकान्यात काहीच नव्हतं.

तेव्हापासून झोप नीट नाही. टॅबरूमवर, म्हणजे स्पर्धांच्या संकेतस्थळावर, माझा पॅराडाइम दोन ओळींचा आहे: "मी पालक जज आहे. हळू बोला." आता तो नीट लिहायचाय. काय लिहू? खोटी गोष्ट कुणी खोडली नाही म्हणून खरी मानायची?

कोल्हापुरी_झणका | २० जानेवारी, रात्री ९:४०

ताई, आधी पॅराडाइम आणि फ्लो म्हणजे काय ते सांगा. आम्हाला वादविवाद स्पर्धा म्हणजे अनुकूल, प्रतिकूल आणि वाजणारी घंटा एवढंच माहीत.

जाईजुई | २० जानेवारी, रात्री १०:०५

बरोबर, ते राहिलंच. आधी प्रत्येकाचं ८ मिनिटांचं मांडणीचं भाषण, म्हणजे चार भाषणं. त्या प्रत्येकानंतर ३ मिनिटांची उलटतपासणी. मग चौघांची ५-५ मिनिटांची रिबटल, म्हणजे खंडनाची भाषणं, त्यात नवा मुद्दा काढायचा नाही. शिवाय तयारीचा वेळ. असा एक राउंड सव्वा ते दीड तास चालतो.

फ्लो म्हणजे आडवा कागद. प्रत्येक भाषणाला एक उभा रकाना, दोन बाजूंना दोन रंगांची पेनं. एखादा मुद्दा निघाला की त्याचं उत्तर शेजारच्या रकान्यात, उत्तराचं उत्तर त्याच्या शेजारी. रकाना रिकामा राहिला की मुद्दा "ड्रॉप" झाला म्हणतात.

आणि पॅराडाइम म्हणजे आपण निकाल कसा लावतो हे जजने आधीच लिहून ठेवायचं. कोण कुणाशी आणि जज कोण हे राउंडच्या थोडा वेळ आधी कळतं. मुलं लगेच फोनवर जजचा पॅराडाइम काढतात आणि काय बोलायचं ते ठरवतात.

फ्लोवाला | २० जानेवारी, रात्री ११:३०

काकू, मी मिशिगनला वाढलो. हायस्कूलची चार वर्षं पॉलिसी केलं आणि आता शनिवार-रविवार जज करतो. मराठी शाळेतलं मराठी आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मते निकाल चुकला. खोटं जिंकायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तुम्ही त्या मुलीशी वाद घातला आणि तिला उत्तर द्यायला एकही भाषण दिलं नाही, हा माझा मुद्दा आहे. अफर्मेटिव्हने तेच सांगितलं असतं, तर निगेटिव्हने पुढच्या भाषणात उत्तर दिलं असतं. काय दिलं असतं? १९८४ चा कायदा वाचला असता. मंजुरीत गेलेल्या काळाची भरपाई म्हणून त्यात पेटंटची मुदत ५ वर्षांपर्यंत वाढवून मिळते. मग कदाचित निगेटिव्ह तरीही जिंकली असती. तुम्हाला हा कायदा माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार, पण निकाल देताना तो तुमच्या डोक्यात होता का?

जाईजुई | २० जानेवारी, रात्री ११:५२

नव्हता. रोज त्याच कायद्याची कागदपत्रं बघते आणि त्या क्षणी तो आठवलाही नाही. हे मला लागलं.

वऱ्हाडी_वकील | २१ जानेवारी, सकाळी ७:२०

नागपूरला दिवाणी वकिली करते. जाईजुईताई, तुमच्यासारखाच प्रश्न आमच्या न्यायाधीशांपुढे रोज असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे वादपत्रातली गोष्ट प्रतिवादीने नेमकेपणाने नाकारली नाही तर ती कबूल धरतात. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ५८ पण तेच सांगते: कबूल गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे तुमचं ते "ड्रॉप" आमच्याकडे आधीपासून आहे.

पण दोन्हीकडे एक दार उघडं ठेवलं आहे. कबूल असली तरी ती गोष्ट वेगळ्या पुराव्याने सिद्ध करा, असं न्यायालय सांगू शकते. शिवाय त्याच जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ प्रमाणे न्यायाधीश स्वतः कोणताही प्रश्न विचारू शकतात. मात्र निकाल रीतसर सिद्ध झालेल्या गोष्टींवरच द्यावा लागतो, स्वतःला काय माहीत आहे त्यावर नाही. सूर्य पूर्वेला उगवतो असल्या गोष्टींची न्यायालय आपणहून दखल घेते. पेटंटची मुदत मात्र कायद्याचा मजकूर आहे, आणि कायदा न्यायालयाला माहीत आहे असंच धरतात. तेव्हा आमच्या कोर्टात तुम्ही जिंकला असता, ताई!

फ्लोवाला | २१ जानेवारी, सकाळी ९:०२

वकीलताई, हे छान सांगितलंत. पण आमच्याकडे जज राउंड चालू असताना प्रश्न विचारत नाही. तुमचं ते १६५ चं दार आम्हाला बंद आहे. म्हणून जे बोलले गेले त्यावरच राहणं जास्त महत्त्वाचं होतं.

सातारकर_गुरुजी | २१ जानेवारी, दुपारी १:१५

३१ वर्षे शाळेत शिकवले, तालुका-जिल्हा पातळीवर वक्तृत्व आणि वादविवादाचे परीक्षण केले. आशय, भाषा, उच्चार, सादरीकरण, वेळेचे भान असे आमचे रकाने. मुलाने चुकीचा सन सांगितला तर मी आशयाचे गुण कापतो. समोरच्याने पकडला नाही म्हणून सोडत नाही, कारण सभागृहात बसलेली शंभर मुले ते चुकीचे घेऊन घरी जातात. परीक्षक हा आधी शिक्षक आहे. जाईजुईताईंनी केले ते योग्यच केले.

नातवाने या पॉलिसी डिबेटची चित्रफीत दाखवली. मुले श्वास ओढून ओढून इतक्या वेगाने वाचतात की दोन वाक्ये पकडता आली नाहीत. याला वक्तृत्व म्हणायचे? मन खिन्न झाले.

पालक_सॅन_होजे | २१ जानेवारी, दुपारी २:०३

गुरुजींना अनुमोदन. आम्ही मुलीला पॉलिसीतून काढून पब्लिक फोरममध्ये घातलं. २००२ साली सुरू झालेला हा प्रकार मुळातच सामान्य नागरिकाला समजावा म्हणून आखलेला आहे. पॉलिसीत तर वाद औषधाच्या पेटंटपासून सुरू होतो आणि आठव्या मिनिटाला अणुयुद्धात संपतो. किमती वाढल्या, अर्थव्यवस्था कोसळली, चीन पुढे गेला, युद्ध झालं, मानवजात संपली. प्रत्येक राउंडमध्ये मानवजात संपते!

फ्लोवाला | २१ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

गुरुजी, तुम्ही कळकळीने लिहिलंत, म्हणून नीट उत्तर देतो.

वेगाला स्प्रेडिंग म्हणतात. साधं बोलणं मिनिटाला साधारण १५० शब्द, स्प्रेडिंग ३०० च्या वर. कारण साधं आहे: ८ मिनिटांत जितके जास्त मुद्दे आणि पुरावे, तितकं समोरच्याला उत्तर देणं अवघड. हे भाषण श्रोत्यांसाठी नसतं. ज्याला आपण "कार्ड" म्हणतो, म्हणजे लेखातून कापलेला उतारा, तो समोरच्या जोडीला आणि जजला ईमेलने आधीच गेलेला असतो. मी सोळा वर्षांचा असताना एका पाण्याच्या धोरणावर इतके अहवाल वाचले की कॉलेजच्या पहिल्या वर्षीही इतकं वाचलं नाही. ते वाचन वेगामुळेच झालं, कारण पाच मुद्द्यांऐवजी वीस मुद्द्यांची तयारी ठेवावी लागायची.

पण तो वेग जजवर लादायचा नसतो. काकूंनी "हळू बोला" लिहिलं असेल तर हळू बोलणं मुलांचं काम आहे. नाही समजलं तर राउंडमध्ये मोठ्याने "क्लिअर" म्हणा, तो जजचा हक्क आहे.

अणुयुद्धाबद्दल: ती साखळी तोडायला निगेटिव्ह किंवा अफर्मेटिव्ह बसलेलेच असतात. एका कडीला "याची शक्यता किती?" असं विचारलं की साखळी गळते. ज्या मुलांना हा प्रश्न विचारता येत नाही ती हरतात, आणि पुढच्या वेळी विचारतात.

शास्त्रीबुवा_पुणे | २१ जानेवारी, रात्री ८:२५

हा धागा वाचून फार आनंद झाला. महाविद्यालयात न्यायशास्त्र, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र, शिकवत असे, आता निवृत्त.

न्यायसूत्रांत वादात हरण्याची २२ कारणे सांगितली आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतली तीन तुमच्या चर्चेत जशीच्या तशी आली.

पहिले अविज्ञातार्थ. तीनदा सांगूनही परिषदेला, म्हणजे ऐकणाऱ्या सभेला, आणि प्रतिवादीला कळले नाही, तर बोलणारा हरला. भाष्यकार वात्स्यायन याची कारणे देतो, त्यांत एक शब्द आहे: अतिद्रुतोच्चारितम्. फार वेगाने उच्चारलेले! आपली असमर्थता झाकण्यासाठी माणूस असे बोलतो, असेही तो म्हणतो. सातारच्या गुरुजींच्या बाजूने इतका जुना साक्षीदार आहे.

दुसरे अप्रतिभा, म्हणजे उत्तर न सुचणे. तुमचा रिकामा रकाना.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे, पर्यनुयोज्योपेक्षण. समोरचा दोषात सापडला असताना त्याला न पकडणे, हेच हरण्याचे कारण. यावर वात्स्यायनाने जे लिहिले त्यात ताईंचा प्रश्नच आहे. हा दोष कोण उघड करणार? ज्याच्याकडून चूक झाली तो स्वतः सांगणार नाही. आपलीच लंगोटी कोण उघडून दाखवेल? म्हणून "कोण हरला?" असे परिषदेला विचारले असता तिनेच ते सांगायचे. नीट पाहा. परिषद चूक ओळखते, बोलूनही दाखवते. पण पराजय कुणाचा? ज्याने पकडली नाही त्याचा.

जाईजुई | २१ जानेवारी, रात्री ८:५८

शास्त्रीबुवा, हे दोनदा वाचलं. म्हणजे मी त्या मुलीला जिंकवायला हवं होतं, आणि नंतर दोन्ही जोड्यांना बसवून सांगायला हवं होतं की २० वर्षं कुठून मोजतात.

सातारकर_गुरुजी | २१ जानेवारी, रात्री ९:३०

हे मला पटण्यासारखे आहे. चूक तशीच घरी जाऊ नये एवढाच माझा आग्रह होता. बॅलटवर, म्हणजे निकालाच्या कागदावर, कोणाचे नाव यापेक्षा तो मोठा.

वेगाबद्दल मत बदललेले नाही. उलट आता वात्स्यायनही माझ्या बाजूला आहे.

फ्लोवाला | २१ जानेवारी, रात्री ९:४१

गुरुजी, परिषदेला "आणि" प्रतिवादीला, दोघांनाही कळलं नाही तर! आमच्याकडे दोघांना कळतं.

शास्त्रीबुवा_पुणे | २१ जानेवारी, रात्री ९:५५

मुलगा सूत्र बरोबर वाचतो.

निळी_शाल | २२ जानेवारी, सकाळी ८:१०

मी शिकागोत सरकारी शाळांमधल्या मुलांच्या अर्बन डिबेट लीगमध्ये स्वयंसेवक आहे. ही चळवळ १९८५ साली अटलांटात सुरू झाली. आमच्याकडे बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीतली.

जाईजुई, एक विनंती. पॅराडाइममध्ये "क्रिटीक चालणार नाही" असं कृपा करून लिहू नका. अनेक पालक जज लिहितात. क्रिटीक म्हणजे योजनेच्या फायद्या-तोट्याच्या आधी तिच्यामागचं गृहीतक तपासणं. पेटंटच्याच विषयात माझी दोन मुलं विचारतात, पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या जमातीला माहीत असलेल्या औषधी वनस्पतीवर मालकी सांगणारा हा कायदा कुणाच्या सोयीचा? हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेलं पेटंट सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने हरकत घेतल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं, त्याचं कार्ड आम्ही काढून ठेवलंय.

२०१३ साली कॅन्ससमधल्या एम्पोरिया स्टेट विद्यापीठाच्या दोन कृष्णवर्णीय मुलांनी कॉलेजच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा, एनडीटी आणि सीडा, एकाच वर्षी जिंकल्या. तोवर कोणत्याही जोडीला ते जमलं नव्हतं. विषय ऊर्जेचा होता आणि ते वादविवादाच्या या जगात आपल्याला घर आहे का, हे बोलत होते. त्यावर आजही भांडणं होतात. पण ऐकायलाच नकार देणारा जज मिळाला की आमच्या मुलांना दारातूनच परत पाठवल्यासारखं वाटतं.

शास्त्रीबुवा_पुणे | २२ जानेवारी, सकाळी ९:००

हे वितंडेच्या जवळ जाते. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन.

निळी_शाल | २२ जानेवारी, सकाळी ९:२०

नाही, शास्त्रीबुवा, इथे मी असहमत. क्रिटीकला बहुधा "अल्टरनेटिव्ह" जोडलेला असतो, म्हणजे योजनेऐवजी काय करायचं ते मुलं सांगतात. तो पक्ष कच्चा असेल, पण असतो. आमची मुलं रात्री अकरापर्यंत त्यावर डोकं लावून बसलेली मी पाहिली आहेत.

शास्त्रीबुवा_पुणे | २२ जानेवारी, सकाळी ९:४५

पक्ष मांडला जात असेल तर ती वितंडा नव्हे. शब्द मागे घेतो.

पालक_सॅन_होजे | २२ जानेवारी, सकाळी १०:३०

अवांतर: जजांच्या खोलीत खायला काय असतं तुमच्याकडे? आमच्याकडे सकाळी सात ते रात्री नऊ बेगल आणि गार पिझ्झा.

जाईजुई | २२ जानेवारी, सकाळी ११:०५

तेच. मी गूळपोळ्या घेऊन गेले होते, संक्रांतीच्या उरलेल्या. एका आजोबांनी, चाळीस वर्षं जज करतायत ते, तीन खाल्ल्या आणि मला फ्लोचा कागद आडवा कसा घडी घालायचा ते शिकवलं. मुद्द्याला तारीख आणि लेखकाचं आडनाव एवढंच लिहायचं, वाक्य नाही.

कोल्हापुरी_झणका | २२ जानेवारी, दुपारी १२:१५

पॅराडाइमला मराठीत काय म्हणूया? "परीक्षकाचा शब्द" कसं वाटतं? आधी दिलेला शब्द, मग पाळायचा.

वऱ्हाडी_वकील | २२ जानेवारी, दुपारी १२:४०

हे आवडलं. आणि यातच उत्तर आहे बघा. ताईंनी खऱ्याच्या बाजूने निकाल दिला, त्यात गैर काही नाही. पण तसं करणार हे मुलांना आधी सांगितलं नव्हतं. "औषधांच्या पेटंटबद्दल मला माहीत आहे आणि चुकीचं बोललात तर मी ते मोजणार" असं आधी लिहिलं असतं, तर निगेटिव्हने तो मुद्दा काढलाच नसता.

फ्लोवाला | २२ जानेवारी, दुपारी ३:२०

हो, शंभर टक्के. मी जास्त कडक आहे, पण माझ्यापेक्षा वेगळा पॅराडाइम असायला काहीच हरकत नाही. मोठ्या स्पर्धांत जोड्या जजना पसंतीक्रम देतात. खरं लिहिलंत तर ज्यांना तुमच्यासारखा जज हवाय तेच तुमच्याकडे येतील. सगळ्यात वाईट पॅराडाइम कोणता? "मी काहीही ऐकतो, तुमच्या आवडीचं बोला" असं लिहून मनात चार नियम लपवणारा. अशा जजपुढे मी दोनदा हरलोय आणि दोन्ही वेळा का हरलो ते आजही कळलेलं नाही.

जाईजुई | २३ जानेवारी, रात्री १०:४८

मसुदा केला. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकते. ठोकून बघा.

"मी पालक जज आहे, औषधांच्या नियमनात काम करते. आडव्या कागदावर फ्लो करते. बातम्या सांगणाऱ्या निवेदिकेपेक्षा थोडं जलद चालेल, त्याहून जलद नको. दोनदा 'क्लिअर' म्हणेन, मग पेन खाली ठेवेन. जे तुम्ही बोललात त्यावरच निकाल देईन. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर तो मुद्दा तुमचा, मला तो चुकीचा माहीत असला तरी. मात्र निकालानंतर चूक मी सांगेनच, आणि ती पुढच्या राउंडला घेऊन जाऊ नका. क्रिटीक ऐकेन, पण मी त्यातलं वाचलेलं नाही, म्हणून मला सोप्या भाषेत समजवा आणि योजनेऐवजी काय करायचं ते सांगा. शेवटच्या भाषणात नवा मुद्दा काढलात तर मी तो लिहिणार नाही. भागीदाराशी किंवा समोरच्यांशी उद्धटपणा केलात तर गुण कापेन."

फ्लोवाला | २३ जानेवारी, रात्री ११:१५

मस्त, काकू. दोन गोष्टी. गुण कसे देता ते लिहा. ३० पैकी देतात, पण प्रत्यक्षात बहुतेक २७ ते ३० मध्येच असतात. तुम्ही गुरुजींसारखे ७० टक्क्यांच्या हिशेबाने २१ दिलेत तर त्या मुलांची पूर्ण स्पर्धा बुडेल.

दुसरं, दोन्ही बाजू मुद्दा जिंकल्या तर तुलना कशी करणार? नुकसान मोठं पण शक्यता कमी, किंवा नुकसान छोटं पण नक्की, यातलं तुम्हाला काय जड वाटतं?

जाईजुई | २४ जानेवारी, सकाळी ६:५०

बाप रे, २१ च देणार होते पुढच्या वेळी एकाला! बदलते.

दुसऱ्याचं: छोटं पण नक्की. कामावर रोज तेच करते. दुष्परिणाम किती भयंकर यासोबत किती जणांना, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. हे लिहू?

फ्लोवाला | २४ जानेवारी, सकाळी ७:०५

हेच लिहा. हे वाचून मुलं अणुयुद्ध पिशवीतच ठेवतील.

जाईजुई | २ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:३०

काल परत चार राउंड केले, म्हणून धागा वर आणतेय.

दुसऱ्या राउंडमध्ये अफर्मेटिव्ह म्हणाली की अमेरिकेत औषध मंजूर करणारं आणि पेटंट देणारं खातं एकच आहे. दोन वेगळी खाती आहेत, मी त्यातल्या एकाशी रोज पत्रव्यवहार करते. निगेटिव्ह गप्प. मी लिहिला मुद्दा, रिकाम्या रकान्याकडे बघत राहिले, आणि अफर्मेटिव्हला बॅलट दिला. हात जड झाला होता, खोटं सांगत नाही. मग दोन्ही जोड्यांना थांबवून पाच मिनिटं दोन खात्यांचं काम समजावलं. जिंकलेल्या मुलाने लगेच लॅपटॉप उघडून ते कार्ड काढून टाकलं. हरलेल्या मुलीने विचारलं, हे सांगणारा लेख कुठे मिळेल. तिला दोन्ही खात्यांची संकेतस्थळं सांगितली.

चौथ्या राउंडला एकाने माझा पॅराडाइम मोठ्याने वाचून भागीदाराला सांगितलं, "छोटं पण नक्की, कळलं ना?"

सातारकर_गुरुजी | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

पाच मिनिटे समजावलेत, त्यासाठी मनापासून नमस्कार.

निळी_शाल | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

जाईजुई, पुढच्या महिन्यात आमच्या लीगच्या काही राउंडना ऑनलाइन जज हवे आहेत. याल का? हळदीचं कार्ड ऐकायला मिळेल.

जाईजुई | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

येते. तारखा कळवा. तोवर क्रिटीकवर वाचायला काय घेऊ तेही सांगा, म्हणजे पॅराडाइममधली "वाचलेलं नाही" ही ओळ काढता येईल.